मांडवी : बडोद्याच्या मध्यावरचे जकातघर

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत निजामपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शताब्दी समितीने मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘मांडवी’ एवढेच उत्तर दिले. समितीतील एका तरुण सभासदाने अत्यंत नम्रपणे विचारले, “काका, कुठली? कच्छमधली, सुरतेजवळची, की मुंबईची?” जिच्याखालून त्याचे आजोबा दिवसातून चार वेळा ये-जा करीत, ती आपल्याच गावातली मांडवी त्याच्या ध्यानात चटकन आली नाही. मी त्याला दोष देत नाही. निजामपुऱ्यात जन्मलेल्या, फत्तेगंजात शिकलेल्या आणि अलकापुरीत नोकरी करणाऱ्या मुलाला चार दरवाजांच्या आत जाण्याचे कारणच काय पडते? लग्नाचा बस्ता, दागिने आणि एखाद्या वृद्ध आत्याची प्रकृती, एवढीच कारणे आता उरली आहेत.

तेव्हा आरंभी शब्दापासूनच सुरुवात करू. संस्कृत कोरीव लेखांत ‘मंडपिका’ असा शब्द येतो. मंडपिका म्हणजे लहान मांडव. पण दहाव्या शतकातील सियडोणीच्या शिलालेखासारख्या लेखांत ती चक्क करवसुलीची जागा आहे. बाजारात आलेला माल जिथे उतरवावा, मोजावा आणि त्याचे शुल्क भरावे, ती मंडपिका. गुजरातेतील मध्ययुगीन दस्तऐवजांचे नमुने ज्यात एकत्र केले आहेत त्या ‘लेखपद्धति’ या ग्रंथातही हा शब्द भेटतो. हा ग्रंथ आपल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली निघाला आणि त्याच्या संपादकांत दलालांबरोबर श्रीगोंदेकरांचे नाव आहे, ही गोष्ट या सभागृहात सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. मंडपिकेची मांडवी झाली ती लोकांच्या तोंडी. मुंबईत मशीद बंदराजवळची मांडवी तीच. १८९६ च्या प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांना त्याच मांडवीत आढळला, कारण जिथे परदेशचा माल उतरतो तिथे मालाबरोबर उंदीरही उतरतात. सौराष्ट्रात मात्र मांडवी म्हटले की भुईमुगाच्या शेंगा पुढे येतात, आणि नवरात्रात जिच्याभोवती गरबा फिरतो त्या दिव्यांच्या मखरालाही मांडवीच म्हणतात. बडोद्यात राहून गुजराती शेजाऱ्यांशी बोलताना हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून अधूनमधून मोठी गंमत होते.

आपली मांडवी म्हणजे जकातघर. ती वेस नव्हे, दरवाजाही नव्हे. आज सगळे गाव तिला ‘मांडवी दरवाजा’ म्हणते, पाट्याही तशाच लागल्या आहेत. पण तिला कवाड कधी नव्हते आणि असण्याचे प्रयोजनही नव्हते. दरवाजे चार, आणि ते तटाला : पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, पूर्वेस पाणीगेट, दक्षिणेस गेंडीगेट. मांडवीत उभे राहून तोंड फिरवीत गेलो की या चारही दिशांचे रस्ते सरळ रेषेत समोर येतात. शहराची आखणी ज्याने केली त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून ही मधली जागा होती, हे उघड दिसते.

ही आखणी कोणाची? विश्वामित्रीच्या काठची वस्ती तर फार जुनी. पश्चिम तीरावर अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, आणि अलीकडे वडाच्या झाडांचे वटपद्रक. राष्ट्रकूट कर्काच्या शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ च्या ताम्रपटात हे वटपद्रक दान दिल्याचा उल्लेख आहे. परंतु तटबंदीचे चौरस शहर वसविले ते गुजरातच्या सुलतानांच्या काळात. महमूद बेगड्याचा मुलगा खलीलखान इकडचा सुभेदार होता. त्याने जुन्या वस्तीच्या शेजारी नवे कोटबंद शहर उभारून त्याला दौलताबाद असे नाव दिले. १५११ साली बाप वारला तेव्हा खलीलखान बडोद्यातच होता, आणि इथूनच जाऊन तो दुसरा मुजफ्फरशहा म्हणून अहमदाबादच्या गादीवर बसला. दौलताबाद हे नाव फार काळ टिकले नाही. आपल्या कानांना ते देवगिरीचेच वाटते, आणि लोकांनी वडाचे नाव पुन्हा वर आणले, हे बरेच झाले म्हणायचे.

मांडवी ही त्या नव्या शहराच्या नकाशाचा मध्यबिंदू. चौरस चौथऱ्यावर चौरस मंडप, प्रत्येक बाजूस तीन भक्कम कमानी, आणि त्यावर मूळचे सपाट छप्पर. चारी बाजू मिळून बारा कमानी होतात. आज वर जे मजले दिसतात ते नंतर चढलेले आहेत. डोळ्यांना त्यांची इतकी सवय झाली आहे की ते नसतील तर आपल्याला मांडवी ओळखू येणार नाही. पण मूळ कल्पना समजून घ्यायची असेल तर मनातल्या मनात ते उतरवून ठेवावे लागतात. मग जे उरते ते अगदी साधे आहे. चारी अंगांनी मोकळा, सावलीचा, बैलाला आणि गाडीला सहज आत येता येईल अशा उंचीचा मंडप. जकातघर बंदिस्त असून चालत नाही. माल कुठल्या दिशेने येईल ते ठाऊक नसते, आणि चार रस्त्यांवर लक्ष ठेवायचे तर भिंत आड येऊन चालणार नाही. कारकुनाला मात्र ऊन लागता कामा नये आणि मोजलेल्या धान्यावर पाऊस पडता कामा नये. या सगळ्या गरजा एका इमारतीत बसविल्या की आपली मांडवी तयार होते. ती सुंदर आहे. पण ते सौंदर्य तिला कामातून आलेले आहे, असे माझे मत आहे.

आता हे काम चालत कसे असे ते थोडे पाहू. मराठी अमलातील जकातीचे शब्द आपल्या जुन्या कागदांत भरपूर सापडतात, आणि ते आता आपल्यापैकी फार थोड्यांना कळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. माल जिथे भरला जाई तिथला कर तो थळभरीत. जिथे तो विकला, म्हणजे ‘मोडला’ जाई, तिथला थळमोड. अधल्यामधल्या मार्गावरची जकात ती वेगळीच. एका ठिकाणी पैसे भरले की दस्तक मिळे आणि ते पुढच्या चौकीवर दाखवावे लागे. लमाणांचे तांडे गोण्या लादून येत, तेव्हा बैल मोजून आकार होई; गाडीचा दर निराळा, डोईवरच्या ओझ्याचा निराळा. वजन करणारा तोलाट, माप भरणारा मापारी, आणि या सर्वांवर जकातदार. मापाऱ्याच्या मापात किती बसते आणि तोलाटाचा हात कुठे जड होतो, यावर व्यापाऱ्याचा नफा ठरे. त्यामुळे मांडवीत भांडणे होत असणारच. ती भांडणे भर चौकात, बारा कमानींतून सगळ्यांना दिसत आणि ऐकू येत, ही त्या इमारतीची आणखी एक सोय. बंद खोलीत जे होते ते मोकळ्या मंडपात करणे माणसाला जरा जड जाते.

हे मी इतक्या खात्रीने बोलतो त्याला एक घरगुती कारण आहे. माझे वडील जकात कारकून होते. निजामपुऱ्यातल्या श्रोत्यांना छाणी जकातनाका सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या पत्त्यात तो आहे. त्या नाक्यावर वडिलांची रात्रपाळी असली की संध्याकाळी डबा पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असे. मालट्रकांची रांग, ताडपत्रीवर चढून गोण्या मोजणारा शिपाई, कार्बन घालून फाडलेल्या पावत्या, आणि कंदिलाच्या उजेडात निळे झालेले वडिलांचे उजव्या हाताचे बोट. एवढे मला आजही दिसते. एकदा मी त्यांना विचारले होते की गाडी थांबवायची ती कशाला? ते म्हणाले, “गावात काय आले ते गावाला कळायला नको का?” त्यांनी करापेक्षा नोंदीला महत्त्व दिले, हे मला फार उशिरा उमजले. पुढे १५ नोव्हेंबर २००७ पासून गुजरातेतील महानगरपालिकांची जकात बंद झाली. तेव्हा वडील हयात नव्हते. नाका गेला, रांग गेली. रिक्षावाला अजून ‘जकातनाका, जकातनाका’ असाच पुकारा करतो. पाचशे वर्षांपूर्वी जे काम शहराच्या मध्यावर होत होते ते सरकत सरकत आमच्या निजामपुऱ्याच्या टोकाला आले आणि तिथे संपले. दोन्ही ठिकाणी मागे राहिले ते नाव.

मूळ विषयाकडे वळतो. सतराव्या शतकात बडोदे हे कापडाचे गाव होते. सुरत आणि भडोचहून अहमदाबादेस जाणारा मार्ग इथून जाई. १६३८ साली मांडेलस्लो नावाचा जर्मन प्रवासी इथे आला. त्याने या गावातील विणकर आणि रंगारी यांची आवर्जून नोंद केली आहे. डच आणि इंग्रज दोघांचेही आडते इथे कापड घेत. त्या डचांच्या देशात आपल्या मांडवीची चुलतबहीण आहे. तिकडे शहरोशहरी ‘वाग’ म्हणजे तोलघर असे. गावातला माल तिथल्या सरकारी तराजूवर तोलल्याखेरीज विकता येत नसे. अॅमस्टरडॅमचे वाग हे मुळात १४८८ च्या सुमाराचे शहराचे द्वार. शहर वाढले, तट पडला, द्वार निरुपयोगी झाले. तेव्हा १६१७ मध्ये त्यांनी त्याचे तोलघर केले. वरच्या मजल्यांवर निरनिराळ्या धंद्यांच्या मंडळ्या बसत. त्यांतच शल्यवैद्यांची मंडळी होती, आणि रेम्ब्रांटचे १६३२ चे डॉ. तुल्प यांच्या शवविच्छेदनाचे प्रसिद्ध चित्र त्या मंडळीसाठी काढलेले आहे. गंमत पाहा, तिकडे दरवाजाचे तोलघर झाले आणि इकडे आपण जकातघराचा दरवाजा करून टाकला. फरक एवढाच की त्यांनी आपल्या इमारतीला काम दिले. तोलणे बंद पडल्यावरही ती कधी अग्निशामक दलाची, कधी संग्रहालयाची, आणि अलीकडे तळमजल्यावर उपाहारगृहाची जागा झाली. माणसे आत जातात, बसतात. आपल्या मांडवीत आत जाऊन बसणारा माणूस शेवटचा केव्हा पाहिला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मराठे आले त्याची हकीकत आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून ती दोन वाक्यांत उरकतो. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ साली डाकोर येथे घात झाला आणि बडोदे मारवाडच्या अभयसिंगाकडे गेले. १७३४ साली पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी ते परत घेतले आणि त्यानंतर ते गायकवाडांकडेच राहिले. स्थानिक इतिहासांत असे नोंदले आहे की लागलीच, १७३६ साली, मांडवीची डागडुजी झाली. ही तारीख मला मोठी बोलकी वाटते. शहर हाती आल्यावर दोन वर्षांत, अजून राज्याची घडी बसलेली नसताना, जकातघर दुरुस्त करणारा माणूस व्यवहारी असला पाहिजे. पण इथे आपल्या मंडळींची एक चूक मला दुरुस्त करावीशी वाटते. मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत ‘गायकवाडांनी बांधलेली मांडवी’ असे मी अनेकदा ऐकले आहे. गायकवाडांनी ती बांधलेली नाही. त्यांनी ती राखली, वापरली आणि सजविली. सुलतानाने बांधलेली वास्तू मराठ्याने डागडुजी करून चालविली आणि तिच्यात गुजराती, मुसलमान, पारशी, मारवाडी अशा सर्वांनी दाम मोजले. यात आपल्याला कमीपणा कसला? मला तर बांधणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याचे अधिक कौतुक वाटते. बांधण्यात हौस असते, दुरुस्तीत नुसता खर्च.

मांडवीभोवती मग सर्व शहराचा व्यवहार गोळा झाला. हरिभक्ती आणि मैराळ यांसारख्या सावकारांच्या पेढ्या राज्याला कर्ज देत आणि त्या जोरावर राज्यातील राजकारणही हलवीत. सरकारवाडा, म्हणजे गायकवाडांचा जुना राजवाडा, इथून हाकेच्या अंतरावर. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापिली तिचे मूळ ठिकाण मांडवीच. आणि १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ज्या ग्रंथालय-चळवळीचा पाया महाराजांनी घातला, तिचे मध्यवर्ती ग्रंथालयही मांडवीच्याच परिसरात आहे. पेढी, बँक आणि ग्रंथालय शेजारी शेजारी. आपले वाचनालय त्याच चळवळीच्या हवेत वाढले. माझ्या लहानपणी शनिवारी दुपारी शाळा सुटली की पुस्तक बदलायचे, मग मांडवीखालच्या सावलीत उभे राहून शेंगदाणे खायचे आणि पहिली दहा पाने तिथेच संपवायची, असा आमचा क्रम असे. सौराष्ट्रातला एक वर्गमित्र म्हणे, “मांडवीत उभे राहून मांडवी खातो!”

देवही मांडवीभोवतीच राहिले. शेजारी विठ्ठलमंदिर, आषाढी आणि कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथांचा वरघोडा निघतो, तेव्हा सबंध जुने शहर रस्त्यावर येते. पंढरपूरला जाऊ न शकणाऱ्या आमच्या आज्यांचे पंढरपूर हेच होते. जवळच घडियाळी पोळीत अंबामातेचे देऊळ, जिथे नवरात्रात केवळ पुरुषच गरबा खेळतात. बाहेरगावचा पाहुणा ते पाहून चकित होतो. आम्हाला त्यात कधी काही वेगळे वाटले नाही.

आता मनात सलणारी गोष्ट बोलतो.

चांपानेर इथून पन्नासेक किलोमीटर. बेगड्याने १४८४ मध्ये पावागड घेतला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसविली. तिथेही एक मांडवी आहे. तीही चौरस आणि कमानींच्या रांगांची. आपल्या मांडवीची थोरली बहीणच म्हणा. १५३५ मध्ये हुमायूनने चांपानेर घेतले, राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली, व्यापारी निघून गेले आणि गावावर रान माजले. त्या रानानेच इमारती वाचविल्या. २००४ साली चांपानेर-पावागड जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या मांडवीत तुम्ही गेलात तर गवत कापलेले असते, पाटी असते, शांतता असते. फक्त माणूस नसतो. आपल्या मांडवीचे उलट. इथे पाचशे वर्षे माणूस एक दिवसही हटलेला नाही, आणि त्या माणसांच्या गर्दीतच तिचा जीव गुदमरला. बैलगाड्या गेल्या आणि मोटारी आल्या. त्यांची थरथर खांबांना बसू लागली. विजेच्या तारा, जाहिरातींचे फलक, पोस्टर चिकटविण्याची खळ आणि पानाच्या पिचकाऱ्या यांतून तिचा एक कोपरा सुटला नाही.

शेवटी २०२५ साली एका खांबाचे पापुद्रे सुटून आतले बांधकाम निखळले, भेगा दिसू लागल्या आणि कमानींना टेकू द्यावे लागले. शेजारच्या देवळातील एका पुजाऱ्यांनी दुरुस्ती होईपर्यंत पायांत पादत्राण घालणार नाही असा निश्चय केल्याचे वर्तमानपत्रांत आले. मी ती बातमी निजामपुऱ्यात, पंख्याखाली बसून वाचली, आणि मला माझ्या पायांतल्या चपलांची लाज वाटली.

लाज वाटण्याचे खरे कारण जुने आहे. आमचे घर मांडवीपासून दोन पोळी सोडून होते. पुढच्या बाजूस सागवानी कोरीव काम : मोराच्या आकाराचे नाट, वेलबुट्टीची तुळई, आणि वर गणपतीची पट्टी. वडिलांच्या पश्चात आम्ही भावंडांनी ते घर मोडले. गळके छप्पर, अरुंद जिना, गाडी लावायला जागा नाही, मुलींच्या लग्नाचा खर्च. कारणे सगळी खरी होती. एक जुन्या लाकडाचा व्यापारी आला आणि त्याने सगळा दर्शनी भाग उतरवून नेला. तो वजनावर घेतला, होय, वजनावर! मोराची मान आणि गणपतीची सोंड तराजूत एकाच भावाने गेली. त्या पैशांत निजामपुऱ्यातील सदनिकेचा एक हप्ता भरला गेला. आज अशाच एखाद्या पोळीतला मोर परदेशी दिवाणखान्यात दिसला तर आपण हळहळतो. पण तराजूच्या या बाजूला आपणच उभे होतो. तुमच्यापैकी अनेकांची कहाणी निराळी नसेल, म्हणून एवढे उघड बोललो. मांडवीची भेग पाहून दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मी तरी स्वतःकडे घेत नाही.

तरीही काही गोष्टी सांगणे प्राप्त आहे, कारण पडझड थांबविणे एक आणि जतन करणे दुसरे. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा मारला की तो दोन वर्षे चकचकीत दिसतो. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. मग क्षार फुगतात, वीट भुगा होते आणि तो चकचकीत गिलावा एक दिवस पोपडा होऊन खाली येतो. भिजवून मुरविलेला चुना, सुरखी, त्यात गूळपाणी आणि हिरड्याचे पाणी घालून घाणीत मळलेला कालव : हे आमच्या गवंड्यांना दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत येत होते. आता त्यासाठी राजस्थानातून कारागीर आणावे लागतात, आणावेत. दुसरी गोष्ट वजनाची. जो मंडप एका सपाट छपरासाठी उभारला त्यावर पुढे मजले चढले. ते उतरवा असे मी म्हणणार नाही, तेही आता इतिहासच आहेत. पण खांबांवर भार किती आणि तो पायात कसा उतरतो, हे मोजल्याशिवाय वरून रंग देण्यात अर्थ नाही. आपल्याच गावात रावपुऱ्यात तांबेकरवाडा आहे. विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर दिवाणांचा तो वाडा आणि त्यातील भित्तिचित्रे पुरातत्त्व खात्याने राखली. ते काम संथ होते, त्याला वर्षानुवर्षे लागली. पण चित्रे भिंतीवर आहेत.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. कठडा बांधून, चारी बाजूंनी झोतदिवे लावून इमारत ‘सुरक्षित’ केली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. वाहने तिच्यापासून दूर ठेवावीत, यात शंका नाही. माणसे मात्र दूर ठेवू नयेत. ज्या वास्तूचे सगळे प्रयोजनच थांबणे हे होते, तिच्या सावलीत कुणाला थांबताच येऊ नये हे विपरीत आहे. तिथे दोन बाके असावीत. जुनी मापे ठेवावीत : शेर, पायली, तराजू, वजने; ती अजून अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. शहराचा जुना नकाशा लावावा. सकाळी शाळेची मुले यावीत आणि त्यांना कोणी तरी थळमोड म्हणजे काय ते सांगावे. यावर कोणी म्हणेल की अशाने कचरा होईल. होईल, झाडून काढता येतो. पडलेली कमान झाडून काढता येत नाही.

आपले वाचनालय यात काय करू शकते, असे अध्यक्षांनी मला आधीच विचारून ठेवले आहे. दुरुस्ती आपल्या हातची नाही. कागद मात्र आहेत. सभासदांच्या घरी मोडी लिपीतल्या पेढीच्या वह्या आहेत, दस्तके आहेत, जकातीच्या पावत्या आहेत. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले, आणि वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेलेल्या वहीची किंमतही शेवटी वजनावरच होते. आमच्या मोराचे तेच झाले. माझ्यापाशी वडिलांचे एक अर्धे संपलेले पावतीपुस्तक आहे. त्यातली शेवटची फाडलेली पावती कापसाच्या एका गाडीची आहे. स्थळप्रत अजून स्वच्छ वाचता येते. ते पुस्तक मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता, दुकाने उघडण्यापूर्वी, आपण काही जण मांडवीवर जमणार आहोत. लहरीपुऱ्याकडून चालत यावे. समोरून ती कशी मोठी होत येते ते दिसते. जुनी छायाचित्रे असतील तर बरोबर आणावीत. वाचनालयात त्यांच्या नकला करून घेऊ आणि मूळ प्रती पावती देऊन परत करू.